नावापुरती मालकीण

रविवार, दुपार

प्रिय बाळ,

त्रेपन्न वर्षांच्या माणसाला बाळ म्हणू नये, चारचौघांत तर नाहीच नाही, असं तू मागे मला बजावलं होतंस. पण इथे चारचौघं कुठे आहेत? मी आहे, टेबल आहे, आणि खालच्या मजल्यावरची पोरं जिन्यात चेंडू आपटताहेत. तेव्हा म्हणून घेते.

तुझे कागद काल मिळाले. तुझी गाडी वळताना खिडकीतून दिसली आणि मी लगेच चहाचं पाणी ठेवलं, दोन कपांचं. केससुद्धा नीट केले. दार उघडलं तर समोर तुझा ड्रायव्हर. बिचारा आत यायला तयार नव्हता. साहेबांनी चार ठिकाणी पेन्सिलने फुली केली आहे, तिथे सही करून ठेवा, मी सोमवारी येऊन नेतो, एवढं त्याने दारातच म्हणून टाकलं. मी त्याला बळेच बसवलं. तो तुझ्या खुर्चीवर बसला, तुझ्या कपातून चहा प्यायला आणि आपल्या आईच्या गुडघेदुखीबद्दल अर्धा तास बोलला. चांगला माणूस आहे. त्याचा पगार वाढव.

कागद मी तीनदा वाचले. एकतीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढलेल्या बाईला कागद दिला की ती तो वाचते, हे तू विसरलास बहुतेक. त्यात लिहिलंय की मी, खोक्यांच्या कारखान्याची मालकीण, माझा गाळा, दोन्ही मशीन आणि कारखान्याचं नाव स्वखुशीने तुझ्या हवाली करते. बँकेचं कर्ज गेल्या महिन्यात फिटलं, आता काही अडचण नाही, असं तू फोनवर म्हणालास. गुरुवारी एक माणूस गाळा बघायला येणार, त्याला तिथे गोदाम करायचंय, मशीन जुन्या बाजारात जातील, आणि त्या पैशांतून तुझ्या पोरीचं पुढचं शिक्षण होईल. सगळं मिळून चार मिनिटांत सांगितलंस. शेवटी म्हणालास, ताई, तुझीही दगदग सुटेल. मी हो म्हणाले. तू ताई म्हणालास की माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नाही, म्हणून तर हे लिहायला बसले आहे.

सहा वर्षांपूर्वी तू आलास ती दुपार मला मिनिटामिनिटाने आठवते. मी निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं आणि तू त्याआधी सात महिन्यांत फिरकला नव्हतास. आलास, चपला काढल्यास, बटाट्याची भाजी दोनदा मागून घेतलीस, आणि मग पिशवीतून माहितीपत्रक काढलंस. बायकांनी उद्योग काढावेत म्हणून सरकारने योजना आणली होती. व्याज कमी, वर अनुदान, मशीन सोडून दुसरं तारण नाही. अट एकच, उद्योग बाईच्या नावावर हवा आणि बाईनेच चालवलेला हवा. तुझ्या बायकोच्या नावावर आधीच गाडीचं कर्ज होतं, ते हप्ते दोनदा चुकले होते, म्हणून तिचं नाव चालेना. राहता राहिले मी. म्हणालास, ताई, तू फक्त नाव दे, बाकी सगळं मी बघतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. गाढव कोण, हे मी विचारलं नाही. तू दोन तास बसला होतास. जाताना पंखा फार आवाज करतो म्हणून स्टुलावर चढून त्याचा स्क्रूही आवळून गेलास. त्या दोन तासांसाठी मी कशावरही सही केली असती. तुझ्या प्रगतीपुस्तकावर पालकाच्या जागी मी सही करायचे तेव्हा एकोणीस वर्षांची होते, आई-बाबा दोघेही एका वर्षात गेले होते. तेव्हापासून तुझ्या कागदावर सही करायची मला सवय आहे.

मग माझी तयारी सुरू झाली. बँकेची पाहणी होणार होती, आणि मालकिणीला निदान आपल्या कारखान्यात काय बनतं ते ठाऊक हवं. तू कारखान्यातल्या मिस्त्रीला माझ्याकडे शिकवणीला पाठवायला लागलास. आठवडाभर तो संध्याकाळी यायचा, खुर्चीच्या टोकावर बसायचा आणि प्रश्न विचारायचा. पुठ्ठा किती थरांचा? एका पाळीत खोकी किती? तारेची पिन कुठल्या जाडीची? मी पोपटासारखी उत्तरं द्यायचे. चुकले की तो डोकं खाजवायचा, कारण बाईमाणसाला, त्यात मालकाच्या थोरल्या बहिणीला, चुकलात म्हणायचं कसं? तू मात्र फोनवर मला झापायचास. मला त्याचंही वाईट वाटत नव्हतं. तो आठवडाभर तुझा रोज फोन येत होता.

पाहणीच्या दिवशी तू मला गाडीतून नेलंस. दारावर माझ्या नावाची नवी पाटी, रंगाचा वास अजून गेला नव्हता. आत एक केबिन, टेबलावर न वापरलेलं पॅड आणि पेन. बँकेची अधिकारी म्हणजे जाड चष्म्याची एक तरुण बाई निघाली. तिने मला मशीनशेजारी उभं केलं, ‘बँकेकडे तारण’ असं रंगवलेली पट्टी दिसेल असं बघितलं आणि फोटो काढला. फोटोत मी मशीनवर हात ठेवला आहे. मशीन नुकतंच बंद केलेलं होतं आणि मला त्याची भीती वाटत होती, पण तू पाठीमागून खुणावत होतास, हात ठेव, हात ठेव. नाव मोठं, लक्षण खोटं. बँकेतल्या मोठ्या साहेबांना तो फोटो पटला आणि कर्जावर शिक्कामोर्तब झालं.

अनुदानासाठी बारा दिवसांचं सरकारी प्रशिक्षण घ्यावं लागलं, त्याबद्दल तू कधी विचारलंच नाहीस, म्हणून आज सांगते. आम्ही चौदा जणी होतो. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडमनी प्रत्येकीला उभं करून विचारलं, उद्योजिका व्हावं असं तुम्हाला का वाटलं? सगळ्या कशा भरभरून बोलल्या, मीही बोलले. मग मधल्या सुट्टीत डबे उघडले आणि एकीने हळूच शेजारणीला विचारलं, तुमचं कोण आहे? ती म्हणाली, दीर. तुमचं? नवरा. माझा मुलगा. माझे सासरे, तेही पंच्याहत्तरचे. मी म्हटलं, माझा धाकटा भाऊ. चौदापैकी दहा जणी अशाच निघाल्या आणि आम्ही इतक्या हसलो की मॅडम बघायला आल्या. त्या बारा दिवसांत मला जेवताना बोलायला माणसं होती. प्रशिक्षण संपलं तेव्हा सर्टिफिकेट हातात घेऊन मी बसस्टॉपवर रडले, हे कुणाला सांगू नकोस.

त्या चौदा जणींत एक साबण बनवणारी होती. तिचं कुणीच नव्हतं मागे, खरंच ती एकटीच करत होती, घरच्या मोरीत. ती वहीभर लिहून घ्यायची, शिकवणारे दमायचे इतके प्रश्न विचारायची. तिचा अर्ज बसला नाही, तिच्याकडे गाळ्याचे कागद नव्हते. आपला बसला. तेव्हा मला वाटलं, आपण हिच्या ताटातलं उचललं. मी तुला फोन करून तसं म्हटलंही होतं. तू म्हणालास, ताई, सगळे असंच करतात. मी फोन ठेवून दिला. तिचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही, आणि मी शोधही घेतला नाही.

पैसे मिळाले आणि तू पुन्हा दिसेनासा झालास. गरज सरो, वैद्य मरो. रागावू नकोस, म्हण आहे, मी केलेली नाही. तू कामात होतास हे मला कळत होतं. पण माझे दिवस कसे जायचे ते तुला कळावं असं वाटतं. सकाळी दूधवाल्याशी एक वाक्य, खाली वाण्याशी दोन वाक्यं. दुपारी रेडिओ लावून ठेवायचा, ऐकायचा नाही. कधी कधी संध्याकाळी काही बोलायला गेले तर पहिला शब्द घशातच अडकायचा, कारण सकाळपासून आवाज वापरलेलाच नसायचा. तू फक्त सहीसाठी यायचास. खातं उघडताना आलास, विम्याच्या वेळी आलास, वर्ष पुरं झाल्यावर बँकेच्या कागदांवर सही हवी होती तेव्हा आलास. प्रत्येक वेळी चहा प्यायलास, थोडं बसलास. मला ते गणित लक्षात यायला काय वेळ लागतो?

आता एक गोष्ट कबूल करते. दुसऱ्या वर्षी बँकेने तुला तीनदा कागद परत केले, सही जुळत नाही म्हणून. तू म्हणालास, ताई, वय झालं, हात थरथरतो तुझा. बाळ, माझा हात थरथरत नव्हता. पुस्तकांच्या जिल्दी बांधणारा हात आहे तो, आजही एका दमात सुईत दोरा ओवते. मी मुद्दाम चुकवत होते. आडनावाची शेवटची वेलांटी थोडी वेगळी काढली की कागद परत यायचे, आणि कागदांबरोबर तू. पहिल्यांदा केलं तेव्हा कागद घाईघाईने पाकिटात सारला होता. तिसऱ्यांदा तर मी आदल्या दिवशीच भाजी आणून ठेवली होती.

याचा परिणाम काय झाला ते तुला अर्धंच माहीत आहे. चष्मेवाल्या बाईच्या टेबलावर ते तीनही कागद गेले. तिने अशा बायका पाहिल्या होत्या, ज्यांच्याकडून घरचे दमदाटी करून सह्या घेतात आणि ज्या मुद्दाम वाकडी सही करून बँकेला काही सांगू बघतात. तिला वाटलं, मी त्यातलीच. एका सकाळी अकरा वाजता, न कळवता, ती थेट माझ्या घरी आली. कामाचा दिवस, आणि कारखान्याची मालकीण घरात गाऊनवर तांदूळ निवडत बसलेली. माझी पाचावर धारण बसली. तिने दार लोटून घेतलं आणि अगदी हळू विचारलं, तुमच्यावर कुणी जबरदस्ती करतंय का? घाबरू नका, मला सांगा.

बाळ, या घरात कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला, तुम्हाला काय होतंय, असं विचारत होतं. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मग सही का चुकते? मी तांदळातला खडा शोधत राहिले. ती वाट बघत बसली. शेवटी मी खरं ते सांगितलं. म्हटलं, सही चुकली की माझा भाऊ परत येतो. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग उठली आणि म्हणाली, चला, तुमचा कारखाना दाखवा मला.

मी कारखान्यात तोवर चार वेळा गेले होते, चारही वेळा तुझ्या गाडीतून. त्या दिवशी बसने निघालो. एक थांबा आधीच उतरवलं मी तिला, मग चुकीच्या गल्लीत नेलं, आणि मोठ्या ऐटीत एका बॅटरीवाल्याच्या फाटकासमोर उभी राहिले. त्यांचा रखवालदार विचारतो, कोण पाहिजे? स्वतःच्या कारखान्याचा पत्ता मालकीण रखवालदाराला विचारत होती आणि बँकेची अधिकारी शेजारी उभी राहून ऐकत होती. आता सगळं संपलं, तुला पोलीस धरून नेणार, माझ्यामुळे नेणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शेवटी पोचलो. मिस्त्रीने मला पाहिलं, तिला पाहिलं आणि त्याच्या हातातली पट्टी खाली पडली. आत कोपऱ्यात खोक्यांचा ढीग पडला होता, पंप बनवणाऱ्यांनी परत पाठवलेली. वरच्या खोक्यांच्या वजनाने खालची बसली होती. बाईने विचारलं, हे का झालं? मिस्त्री म्हणाला, कागदच हलका आला. मी ते खोकं हातात घेतलं. खरं सांगते, तेव्हा मला बँक आठवत नव्हती, काही आठवत नव्हतं. मी आयुष्यभर फाटकी पुस्तकं दुरुस्त केली आहेत. कागदाला उभं-आडवं असतं, ते न बघता पुठ्ठा कापला की जिल्द वाकते, हे माझ्या बोटांना ठाऊक आहे. मी खोक्याची कड उसवून बघितली. पुठ्ठ्याच्या पोटात तो नागमोडी कागद असतो ना, त्याच्या नळ्या उभ्या राहिल्या तर खोकं वजन पेलतं. इथे त्या आडव्या झोपल्या होत्या. मी मिस्त्रीला म्हटलं, पुठ्ठ्याचा पत्रा आडवा कापलात तुम्ही. तो खाली बघायला लागला. आडवा कापला की कातरण कमी निघतं, म्हणून. तसा हुकूम कुणाचा होता ते त्याने मला पुढे सहा महिन्यांनी सांगितलं. तुझा होता. तू फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होतास आणि खोकी बसत होती. मी तुला तेव्हा कागद खराब आला एवढंच सांगितलं, तुला खाली बघायला लागू नये म्हणून.

बाईने वहीत काय लिहिलं ते मला दिसलं नाही. जाताना ती म्हणाली, मी तीन महिन्यांनी पुन्हा येईन, तेव्हा रस्ता चुकू नका. एवढंच. तिला सगळं कळलं होतं, आणि तिने मला तीन महिने दिले होते.

म्हणून मी जायला लागले. तुला सांगितलं, पुन्हा पाहणी होणार आहे, तोवर जाऊन बसते. तू खूश झालास. पहिले आठ दिवस मी नुसती केबिनमध्ये बसायचे. मग बाहेर खुर्ची टाकली. मग उभीच राहायला लागले. पत्रे उभे कापायला लावले, कातरण वाढलं तर त्यातून लहान खोकी काढली. पंपवाल्यांकडे मी स्वतः गेले, त्यांच्या माणसासमोर खोकं ठेवलं आणि त्यावर चढून उभी राहिले. तो घाबरून, उतरा, उतरा म्हणत होता. ऑर्डर परत मिळाली. तीन महिन्यांनी बाई आली तेव्हा मी हाताला खळ लागलेली, केसांत पुठ्ठ्याचा भुसा, आणि तिला म्हटलं, दोन मिनिटं थांबा, ही गाडी भरून देते. ती हसली. त्यानंतर तिची बदली झाली. पण त्या दिवशी फोटो काढायला तिने फोन वर केला तेव्हा मशीन चालू होतं.

मधल्या काळात तू रंगांच्या डब्यांची एजन्सी घेतलीस आणि इकडे येणं सोडलंस. ते बरंच झालं, तिथे तुझा जम बसला. तू म्हणालासही, ताई, आता नाही गेलीस तरी चालेल, मिस्त्री बघेल. मी हूं म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या बसने गेले. चार वर्षं झाली. आता आमच्याकडे मिस्त्री धरून आठ माणसं आहेत, त्यातल्या पाच बायका. पिना मारणारी आहे ना, ती दिवसभर बोलते, मशीनच्या आवाजावर आवाज चढवून, नवऱ्यापासून भाजीपर्यंत सगळं. सुरुवातीला मी मॅडम होते. मग केव्हा कुणास ठाऊक, ताई झाले. तुझ्याशिवाय मला कुणी ताई म्हणत नव्हतं, आता आठ जण म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, तूच आलास, आणि मी मागे वळून पाहिलं.

गेल्या वर्षी मी तापाने पडले होते. तीन दिवस गेले नाही तर चौथ्या दिवशी पिनवाली पत्ता शोधत घरी आली, भांडी घासली, मला डॉक्टरकडे नेलं आणि वर, सांगता येत नाही का, म्हणून ओरडली. तुला मी आजारी होते हे दहा दिवसांनी कळलं, तेही मीच सांगितलं म्हणून. मी याचा राग धरलेला नाही. दुःख झालं, ते मात्र लिहिते, कारण एरवी लिहायचं कधी?

रविवारी कारखाना बंद असतो. मला रविवार नकोसा होतो. आज तर तुझे कागद टेबलावर आहेत. सकाळपासून ते इकडून तिकडे ठेवतेय. पुसायचं कापड फिरवलं, पेन शोधलं, पेन ठेवून दिलं. मला हेही कळतं की हे सगळं तुझ्या डोक्यातून निघालं, धावपळ तू केलीस, सुरुवातीला पदरचे पैसे तू घातलेस. ते बुडवायची माझी इच्छा नाही. माझे निवृत्तीचे पैसे बँकेत पडून आहेत, ते मी कुणासाठी ठेवलेत? तुझं घातलेलं तुला त्यातून मिळेल, आणि पोरीच्या पहिल्या वर्षाची फी तिची आत्या भरेल. तिला सांग, तिच्या आत्याचा कारखाना आहे. हे मी आजपर्यंत कुणाला म्हटलं नव्हतं, बाळ. लोक विचारायचे तेव्हा मी म्हणायचे, भावाचा आहे, मी नावापुरती.

गुरुवारी त्या माणसाला आणू नकोस, त्याच्यासमोर तुझी फजिती व्हायला नको, म्हणून हे आजच लिहून ठेवतेय आणि उद्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. कागद सोबत आहेत, चारही फुल्यांपाशी कोरे. मी सही करणार नाही. तू तापशील, बायकोशी बोलशील, ताई अशी कशी निघाली म्हणशील. फोन केलास आणि ताई म्हणालास तरी या वेळी मी हो म्हणणार नाही. आजवर मी तुझ्यासाठी ज्या ज्या सह्या केल्या, त्या सगळ्या तू यावास म्हणून केल्या. ही केली नाही तर तू बहुतेक यायचा नाहीस, हे मला पुरतं समजतं. कालपासून मी त्याचाच विचार करत बसले आहे, दुसरा कसलाच नाही. मला तू हवा होतास. तू काही मिळाला नाहीस, हा कारखाना मिळाला. तो मी ठेवून घेते.

तुझीच, तू कितीही रागावलास तरी तुझीच,
ताई